कुकवाचा रोही

साऱ्या सेलूत फिरा अन इचारा, मुंबईच्या सरकारी बुकात कोणाचं नाव छापून आलं? मालगुजाराचं? नाई. कापसाच्या दलालाचं? नाई. आलं ते गुलाब वैरागडेचं. अन गुलाब वैरागडे कोण? माया सख्खा लहाना भाऊ. मी बंडूजी. चौथी पास, म्हणून हे लिहाचं काम मायाकडं आलं. गुलाबले लिहाले बसवलं त तो अर्धी ओळ लिहून हासत बसन.

त्याचं हासणंच आधी सांगतो. देवानं त्याले तोंड लहान देलं अन दात मोठे. शाळेत पोट्टे त्याले 'दात्या' म्हणत. मी त्या साऱ्याइले बदडलं. गुलाब मायाच हात धरे अन म्हणे, "दादा, खरंच त म्हणतात ना ते. मारतो काऊन?" असा माणूस. त्याले राग येतच नाई. त्याच्या वाटणीचा रागबी मलेच करा लागते.

आमच्या बापाचा तेलाचा घाणा होता. बाप गेला, गावात इंजिनवर तेल निंगाले लागलं, अन घाण्याचा बैल आमच्यापरीस सुखात राहू लागला. मी किराण्याचं दुकान टाकलं. गुलाब काईच टाके ना. वावरात चना उभा होता, त मी त्याले म्हटलं, "जाय, पहाटेपासून राखणीले बस, रोही येऊन राह्यले." रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, अन खाते बैलावाणी. गुलाब गेला. दुपारी परत आला त चेहरा असा खुललेला, जसं काई कुठं लग्न जमवून आला.

"हाकलला का रोही?"

"नाई. पाह्यला."

"अन चना?"

"खाल्ला त्यानं. पण दादा, त्याचे दात पाह्यले का तू कधी? चना खाऊन झाला, अन बांधावरची बाभळीची फांदी अशी चावली, जसा मुळा. काट्यासकट! एक दात किडका नाई. सारं बाभळीत आहे, दादा!"

"अबे, माया चना त्याच्या पोटात आहे!" मी बोंबल्लो.

आमची माय, सीताबाई, चुलीपाशी भाकर थापत होती. ती म्हणे, "बाभळीच्या कोळशानं त आपल्या घरी सारेच दात घासतात. त्यात नवीन काय? तुमची आजी मेली तवा बत्तीसच्या बत्तीस दात संग घेऊन गेली."

गुलाबनं मायकडं पाह्यलं, मंग कोळशाच्या टोपलीकडं पाह्यलं. तेथून मंजनाचा धंदा सुरू झाला.

बाभळीचा कोळसा, बाभळीची साल, तुरटी, मीठ, लवंग. मायच्या जुन्या लुगड्यातून असं चाळे का पीठबी त्याच्यासमोर रेती वाटन. पिवळ्या कागदाच्या पुड्या बांधल्या. वर छाप पाहिजे, म्हणून वर्ध्याच्या छापखान्यात गेलो. मी म्हटलं, सिंह टाक. गुलाब म्हणे, "सिंहाचे दात कोणी पाह्यले, दादा? रोह्याचे मी पाह्यले." झालं, रोही आला. तोंडात बाभळीची फांदी धरलेला, मान वर केलेला, हासल्यासारखा. मी रागानं म्हटलं, "हा रोही तुयासारखा दिसून राह्यला बे." तो म्हणे, "मंग त चांगलाच आहे."

बाजारात मी बोंबले अन गुलाब इके. पण त्याची इकाची तऱ्हा पाहा. माल आधी हातात देत नसे. एक बादली पाणी, एक लोटा, अन समोर बसाले पोतं. "बसा काका. घासा. मंग सांगा." अल्लीपूरच्या बाजारात एका बाजूले धोतरवाले, दुसऱ्या बाजूले बाया, साऱ्याइचे तोंडं काळे डांबर. एकमेकाकडं पाहून हासत. जेवढे हासत तेवढे काळे दात दिसत, अन तेवढे अजून हासत. मंग गुरळा केला का पांढरे शुभ्र. एक म्हतारा त घरी जाऊन बायकोले घेऊन आला. म्हणे, "हिलेबी काळी करा." म्हतारी म्हणे, "चाळीस वर्षं यानंच केली ना काळी, आता तुमी काऊन तकलीफ घेता!" सारा बाजार पोट धरून खाली बसला.

तवा सांगतो, रोही छाप काळं मंजन म्हणजे हिंगणघाटपावत नाव झालं. लोकं गुलाबचं नाव नाई घेत. म्हणत, "रोहीवाला आला." अन गुलाब त्या नावावर असा खुश, जसा काई रायबहादूर झाला.

मंग एक दिवस अल्लीपूरलेच एक माणूस गाल धरून आला. हिरड्या सुजलेल्या, ओठ फाटलेला.

"हे घे तुया मंजन!" त्यानं पुडी गुलाबच्या अंगावर फेकली. "इटा घासतो का लोकाइच्या तोंडात?"

गुलाबनं पुडी उचलली. पिवळा कागद. रोही. तोंडात फांदी. त्यानं बोटावर मंजन घेतलं, जिभेले लावलं, अन त्याचं हासणं गेलं. मी त्याच्या जन्मापासून त्याचं तोंड पाहून राह्यलो, असं बंद झालेलं पहिल्यांदा पाह्यलं. "दादा," तो म्हणे, "इटेचा भुगा आहे. कोळसा नावाले. पण रोही मायाच आहे."

त्या माणसापाशी तो तसाच बसला, त्याले मीठपाण्यानं गुरळे कराले लावले, आपल्या दोन पुड्या देल्या. माणूस गेला, पण तोवर बाजार फिरला होता. "रोहीवाल्यानं इटा खाऊ घातल्या." ज्या पोत्यावर बसाले रांग लागे ते पोतं दिवसभर रिकामं. कुत्रं येऊन बसलं त्यावर.

इटेचं मंजन होतं बबनरावचं. हिंगणघाटकडचा व्यापारी, पोट पुढं, टोपी मागं. आमी दोघं त्याच्या दुकानात गेलो. बोललो मीच.

"बबनराव, हा रोही आमचा आहे."

"तुमचा?" तो गादीवर रेलला. "रोही का तुया बापानं पाळला होता? साऱ्या जिल्ह्याचा चना खाते तो. जो छापन त्याचा."

"आमी पहिले छापला."

"मी मुंबईले पहिले लिहून देतो. सरकारी दाखल करतो. मंग तुमी रोही छापला त तुमालेच पोलीस नेईन. इचार वकिलाले."

बाहेर आलो त गुलाब रस्त्यातच थांबला. म्हणे, "दादा, मंजन मी दुसऱ्या नावानंबी करू शकतो. पण रोही त्याच्या हातात राह्यला त लोकं त्याले पाहून विश्वासानं तोंड उघडतीन. मायावर विश्वास ठेवून. अन तो इटा टाकन त्यात." हे बोलला माया भाऊ, तिसरी नापास. मले सांगा, कोणत्या बॅरिस्टरले सुचन?

बापूराव वकील वर्ध्याले राहत. आमी मोटरीनं गेलो. ते बुटके, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलताना पेन्सिलीनं कान खाजवत. त्याइनं सारं ऐकलं अन म्हणे, "मुंबईले छाप दाखल कराचं सरकारी कार्यालय आहे. तेथी अर्ज जाते, अर्जावर छापाचा कागद चिटकवा लागते. ते जर्नलमधी, म्हणजे सरकारी बुकात, छापतात. मंग कोणाले हरकत घ्याची असन त त्यानं घ्यावी. नाई घेतली, त छाप तुमचा. तुमी कधीपासून वापरून राह्यले?"

"रोह्यानं चना खाल्ला तवापासून," मी म्हटलं.

"तारीख आहे का त्याची?"

"छापखान्याची पावती आहे," गुलाब म्हणे.

"मंग घाबरू नका. पण बबनरावच्या आधी जाऊ द्या. छापाचे चांगले कोरे कागद आणा. एकबी डाग नाई पाहिजे. जसा कागद जाईन तसाच छाप तुमचा होईन, हे ध्यानात ठेवा."

त्या सुमारास आपलं राज्यच नागपूर सोडून मुंबईत गेलतं. मी गुलाबले म्हटलं, "पाय, आधी राज्य गेलं, मंग आता रोही चालला." घरी छापाचे कोरे कागद होते, छापखान्यानं देलेल्या गठ्ठ्यातले शेवटचे. गुलाबनं ते पाटावर मांडून ठेवले अन सांगितलं, "माय, कोणी हात लावू नका. हे सकाळी वकिलाकडं जाणार."

आता आमच्या घरची रीत सांगतो. नवीन काई घरात आलं का जाणार असलं, का त्याले कुकू लागते. नवीन बैल, नवीन वखर, लग्नाची पत्रिका. मी सायकल घेतली त तिच्या हँडलले, घंटीले, अन मायनं बजावलं म्हणून चाकाच्या हवेच्या नळीलेबी. माय आता स्वतः कुकू लावत नसे, बाप गेल्यापासून. लावे गुलाबची बायको, सुलोचना. अन तिचं बोट हलकं नाई. भरून लावे.

सकाळी मी न्हाऊन आलो, त पाटावर दिवा, फुलं, नारळ. अन साऱ्या कागदाइवर, एकेका रोह्याच्या कपाळावर, लालभडक टिकला. हा एवढा! खाली तेल, वर कुकू, पक्का बसलेला.

"हे काय केलं?" मी ओरडलो.

सुलोचना मायासमोर बोलत नसे. मी भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्यासमोर पदर घेते अन जे बोलाचं ते सासूले बोलते. पण आवाज असा ठेवते का गोठ्यातला बैलबी मान हालवन.

"सासूबाई," ती म्हणे, "इचारा तुमच्या मोठ्या लेकाले, एवढ्या दूर मुंबईले कोणी मोकळ्या कपाळानं जाते का?"

माय म्हणे, "बरोबरच आहे तिचं."

"अव माय, वकिलानं सांगितलं, एकबी डाग नाई पाहिजे!"

"कुकवाले डाग म्हणतो?" मायनं लाटणं उचललं.

मी गुलाबकडं पाह्यलं. मले वाटलं, आता तरी त्याले राग येईन. तो कागदाइपुढं उकिडवा बसला, एकेक रोही पाहून राह्यला, अन त्याचे खांदे हालाले लागले. मंग तोंड उघडलं. मंग सारे दात. "दादा, पाय ना! नवरदेव निंगाला!"

छापखाना दिवाळीसाठी सोमवारपावत बंद. मोटर सुटाची वेळ झाली. तसेच गेलो. बापूराव वकिलानं कागद पाह्यले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. टिकला तेथीच.

"पुसून पाह्यला का?"

"एक पुसला," मी म्हटलं, "त सारा रोही लाल झाला."

वकील कपाळाले हात लावून बसले. बाहेरून कोणी सांगत आलं का बबनराव बी वर्ध्यात दिसला, दुसऱ्या वकिलाकडं. बापूराव उठले. "चिटकवा!" ते म्हणे. "सोमवारी कोरा पाठवण्यापरीस आज टिकल्याचा गेलेला बरा. पण वैरागडे, मी सांगितलं ते ध्यानात आहे ना? जसा जाईन तसाच तुमचा."

गेला बाप्पा रोही मुंबईले, कपाळी कुकू लावून.

वर्ष उलटलं. अल्लीपूरचं पोतं रिकामंच. गुलाब हिंमतीनं बसे, मीच घासून दाखवे, दिवसभर माया तोंड काळं. कोणी म्हणे, "काय बंडूजी, इटा खाऊन राह्यले का?" मी काळे दात काढून म्हणे, "या, तुमालेबी चारतो!" गुलाब बाजूले बसून हासे, पण पहिल्यासारखं पूर्ण नाई. आखरीचे दात दिसत नव्हते. मी भाऊ आहे, मले कळते.

मंग बापूराव वकिलाचं बोलावणं आलं. टेबलावर जाडजूड सरकारी जर्नल. सारं इंग्रजी. त्याइनं पान उघडलं अन पेन्सिल ठेवली. तेथी आमचा रोही! काळ्या शाईत, तोंडात फांदी, अन कपाळावर टिकल्याचा काळा ठिपका. खाली इंग्रजीत गुलाबचं नाव. मी पानाले हात लावला. गुलाबनं नाई लावला. तो नुसता वाकून पाहात होता, जसं पाळण्यात कोणी निजलं आहे.

"बबनरावचा अर्ज मागं पडला," वकील म्हणे, "पण त्याले हरकत घेता येते. पाहू."

अन बबनरावनं काय केलं, सांगू? त्याच्या वकिलानं त्याले हेच पान दाखवलं. त्यानं पाह्यलं अन हिंगणघाटात जो भेटन त्याले सांगत सुटला, "अरे, तेल्याइनं गाय दाखल केली! टिकला लावलेली! वसुबारसेले पुजाले!" हासता हासता त्याची टोपी पडली म्हणतात. हरकत घेतलीच नाई त्यानं. गायीवर काय हरकत घ्याची? त्याले वाटलं, साधा रोही आपल्याले मोकळाच राह्यला. मुदत निंगून गेली. अन मुंबईहून गुलाबच्या नावाचा मोठा कागद आला, मोहोर लावलेला.

त्या कागदाचं काय झालं ते इचारू नका. मायनं सुलोचनेले हाक मारली, अन सरकारी मोहोरेच्या बरोबर मधोमध टिकला बसला. बापूराव वकील म्हणे, "मुंबईले सांगू नका."

पण ते पुढं हेबी म्हणे, "आता बाजारात टिकल्याचाच रोही पाहिजे. साध्या रोह्यावर बबनरावले नोटीस देली, त तो म्हणन, माया रोह्याच्या कपाळावर काई नाई, हा वेगळा. कज्जा लांबन. तुमी आधी दाखल केलेला छाप वापरा."

नवीन छपाईले महिना लागणार. गुलाब घरी आला, ओसरीवर पुड्यांचा ढीग टाकला, अन बायकोले म्हणे, "सुलोचना, घे कुकू. तू सुरू केलं, आता तूच भोग."

मंग आमच्या घराची तऱ्हा पाहाले पाहिजे होती. सुलोचना अन मायी बायको अन्नपूर्णा, दोघी समोरासमोर बसत. एकीच्या हातात तेलाची वाटी, दुसरीच्या हातात कुकवाचा करंडा. एका बोटानं तेल, दुसऱ्या बोटानं कुकू. रोही, रोही, रोही. भाकरीवर कुकवाचे ठसे. माया धोतरावर. मांजरीच्या पाठीवर. शेजारचे म्हणत, "वैरागड्याकडं रोज लग्न आहे का?" गुलाबनं नवीन छपाई सांगितलीच नाई. म्हणे, "दादा, छापलेलं कुकू कुकू असते का?"

अल्लीपूरच्या बाजारात पहिल्या दिवशी एक बाई पोत्यासमोर थांबली. पुडी उचलली, बोट फिरवलं. बोटाले कुकू लागलं. तिनं ते बोट पाह्यलं, मंग गुलाबकडं.

"हे हातानं लावलेलं आहे?"

"हो बाई. माया घरी लावतात."

"घरच्या बाईनं?"

"हो."

ती पोत्यावर बसली. "आण लोटा." तिच्या मागून तिची जाऊ बसली. मंग नणंद. ज्या घरची सून पुडीले कुकू लावते, त्या पुडीत इटा नसतीन, एवढं बायाइले कोणत्या वकिलानं समजवा लागत नाई. पोत्यापुढं परत रांग. परत काळे तोंडं. म्हतारी परत आली, म्हणे, "पुन्हा करा काळी, मले सवय झाली!"

आता गावोगाव दुकानात लोकं 'कुकवाचा रोही' मागू लागले. बबनरावच्या साध्या रोह्याले कोणी हात लावे ना. त्यानं काय केलं? छापखान्यात जाऊन आपल्या रोह्याच्या कपाळावर लाल शाईचा गोल टिकला छापून घेतला. अन स्वतः माल घेऊन अल्लीपूरच्या बाजारात आला, आमच्या समोर गाडी लावून.

"घ्या! कुकवाचा रोही! असली!"

मी उठलो. बाह्या वर केल्या. गुलाबनं माया धोतर धरलं. "दादा, बस."

"अबे तो चोरून राह्यला!"

"चोरू दे. बस ना."

तीच बाई, जिनं पहिली पुडी घेतली होती, बबनरावच्या गाडीपाशी गेली. पुडी उचलली. टिकल्यावर बोट फिरवलं. बोट पाह्यलं. कोरं. परत घासलं. कोरं. तिनं ते बोट वर धरलं, साऱ्या बाजाराले दिसन असं.

"बबनराव, तुमच्या घरच्या कुकवाले रंग नाई का?"

असं हासणं मी जन्मात ऐकलं नाई. भाजीवाल्या हासल्या, बांगडीवाला हासला. काळ्या तोंडाचे धोतरवाले बोटं वर करून नाचाले लागले. कोणी आमच्या पुडीवर बोट घासून आपल्याच कपाळाले टिकला लावला, मंग साऱ्याइनं लावला. बबनरावनं गाडी जुंपली, त बैलाच्या कपाळालेबी कोणी तरी टिकला लावून देला होता.

अन गुलाब? त्याचे आखरीचे दातबी दिसून राह्यले होते.

बापूराव वकिलानं बबनरावची छापलेली पुडी पाह्यली अन पेन्सिलीनं टेबलच वाजवलं. "साधा रोही होता तवा वाद होता. आता यानं टिकल्यासकट तुमचा दाखल छाप जसाचा तसा उतरवला! स्वतःच्या हातानं!" नोटीस गेली.

पंधरवड्यात बबनराव आमच्या दारात. टोपी सरळ. काखेत फडक्यात बांधलेले रोह्याचे छापाचे ठोकळे, दोनी: साधा अन टिकल्याचा. ओसरीवर ठेवले.

"कज्जा नको, गुलाबराव. मी रोही सोडला."

गुलाबराव म्हणाला तो! साऱ्या आळीनं ऐकलं. मी त्याले चांगलं सुनावणार होतो, शब्द जुळवून ठेवले होते. पण गुलाब म्हणे, "बसा. पाणी घ्या. अन ज्याइच्या हिरड्या सुजल्या त्याइच्या घरी माया मंजनाची पुडी तुमी स्वतः देऊन या. बस, झालं." बबनरावनं मान हालवली. गेलाबी तो घरोघर, मी मागं माणूस लावून पाह्यलं.

पण त्या दिवशी तो उठाले लागला तवा माय आतून म्हणे, "थांबा. पहिल्यांदा घरी आले, तसेच जाता का?" सुलोचना पदर घेऊन आली. तिचं बोट तुमाले मालूम आहेच. बबनरावच्या कपाळावर हा एवढा टिकला!

तो अंगणातून निंगाला, पोट पुढं, कपाळ लाल. सुलोचना सासूकडं तोंड करून म्हणे, गोठ्यातल्या बैलालेबी ऐकू जाईन अशा आवाजात:

"सासूबाई, सांगा तुमच्या लेकाइले, हाबी आता आपलाच छाप झाला."